चारशे दोन दिवस

पाणीपुरवठा मंडळाच्या कचेरीत लेखापाल बाईंना पाठीमागे सगळे ‘दशांशबाई’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. ताळेबंद जुळला नाही की इतर माणसं कंटाळून फरक ‘किरकोळ’मध्ये ढकलून मोकळी होत, ही मात्र शेवटच्या दशांशापर्यंत हात धुऊन मागे लागायची. एकोणपन्नास वर्षांची, एकटी राहणारी, नाकासमोर चालणारी बाई. एक वाजता डबा, चार वाजता चहा, आणि टेबलावर पट्टी कायम वहीला समांतर.

रक्ताच्या नात्याचं म्हणावं असं तिला एकच माणूस होतं, ते म्हणजे दादा. तोही मंडळातच होता, पण कचेरीत नव्हे. नदीकाठच्या पंपघरात तीन नंबरचा पंप चालवायचा. वडील गेले तेव्हा तो अठराचा होता आणि ही नऊ वर्षांची. त्याच महिन्यात तो शाळा-कॉलेजाचा विचार गुंडाळून पंपघरावर चिकटला, तो चाळीस वर्षं तिथंच. हिच्या शिक्षणाचा भार त्यानं उचलला असं म्हणतात, पण निम्मा भार वहिनीनं उचलला होता. वहिनी घरी शिवणकाम करायची. कुणाचे किती कपडे, कुणाकडून किती येणं, याची वही तिनं बारा वर्षांच्या नणंदेच्या हातात दिली होती, तीही स्वतः रेघा आखून. पोरीला हिशेबाची गोडी लागली ती तिथं.

आठ वर्षांपूर्वी वहिनीच्या पायांतली शक्ती कमी व्हायला लागली. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि मग सरळ भाषेतही सांगितलं. हा आजार पायांपासून वर चढत जातो, वेग कमी-जास्त होतो, पण थांबत नाही. शेवटचं वर्ष बाई पूर्ण अंथरुणाला खिळतील, तेव्हा त्यांना तासभरसुद्धा एकटं ठेवता येणार नाही. दादानं त्या दिवसापासून रजा घेणं बंद केलं. ताप अंगात असला तरी कामावर. हात भाजला तर पट्टी बांधून कामावर. त्याचा हिशेब सोपा होता. शेवटचं वर्ष भरपगारी घरी बसायचं आणि बायकोचं सगळं आपल्या हातानं करायचं. मंडळाच्या जुन्या नियमात रजा कितीही साठत असे, आणि आजारपणाची रजा घरच्यांच्या आजारालाही चालत असे. पगारपत्रकावर रजेचा आकडा वाढलेला दिसला की तो ते पत्रक वहिनीला दाखवायचा.

दशांशबाईला हे माहीत होतं. आकडा नेमका माहीत नव्हता, इतकंच.

ती एकोणपन्नासची झाली त्या वर्षी मंडळाला नवे मुख्य अधिकारी आले. मऊ बोलणारे, कधी आवाज न चढवणारे गृहस्थ. मंडळाला स्वतःची नवी इमारत बांधायची होती, त्यासाठी मोठं कर्ज हवं होतं, आणि कर्ज देणारे आधी ताळेबंद बघणार होते. साहेबांनी तिला खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, दार लावून घेतलं. आपला ताळेबंद दोन ठिकाणी गळतो आहे, असं ते म्हणाले. एक, पंपांचं आयुष्य आपण पंधरा वर्षं धरतो, त्यामुळे दर वर्षी घसारा, म्हणजे झिजेपोटीची वजावट, भरमसाट लागतो आणि नफा दिसतच नाही. दोन, कर्मचाऱ्यांची साठलेली रजा. ही रजा म्हणजे मंडळानं माणसांना द्यायचं देणं. ते वर्षानुवर्षं फुगत चाललंय. दोन्हींसाठी नवं धोरण लिहायचं होतं. ते म्हणाले, हे काम या कचेरीत एकच व्यक्ती करू शकते. वित्त अधिकाऱ्याची जागा पुढच्या वर्षी रिकामी होतेय, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं.

ती जागा तिला अकरा वर्षं हवी होती.

पंपांचं काम तिनं दोन दिवसांत उरकलं. पंधराच्या जागी तीस वर्षं लिहिलं, आणि कारण दिलं: ‘योग्य देखभालीमुळे यंत्रांचे उपयुक्त आयुष्य वाढल्याचे आढळते.’ आढळलं कुणालाच नव्हतं. तीन नंबरच्या पंपाला चौदा वर्षं झाली होती आणि तो पुढच्या वर्षी बदलायचा होता. नदीचा गाळ ओढून ओढून त्याचा खुळखुळा झालेला. तो कधी तापतो, कधी हवा धरतो, कुठला नट किती फेरे सैल करायचा, हे एकट्या दादाला कळायचं. नवा पंप आला की तो कुणालाही चालवता येईल आणि मग आपण खुशाल घरी बसू, असं दादा वर्षभर घोकत होता. नव्या धोरणात त्या पंपाला आणखी सोळा वर्षं आयुष्य मिळालं. वहीत जो पंप जिवंत आहे तो बदलता येत नाही.

मग रजा. तिनं सगळ्या कर्मचाऱ्यांची यादी काढली आणि साठलेल्या दिवसांप्रमाणे उतरत्या क्रमानं लावली. सर्वांत वर दादाचं नाव आलं. चारशे दोन दिवस.

ती त्या ओळीकडे बराच वेळ बघत बसली. समोरच्या टेबलावर वरिष्ठ कारकून होते. प्रत्येक टिपणाला ते काही ना काही जोडत, म्हणून त्यांना सगळे ‘पुरवणी’ म्हणत. त्यांनी मसुदा वाचला आणि सवयीनं दोन कलमं सुचवली. घरात कायमचा आजारी माणूस असेल तर जुनी रजा शाबूत राहावी, हे एक; आणि एका कर्मचाऱ्यानं आपली रजा दुसऱ्याला देता यावी, हे दुसरं. तिनं हिशेब करून पाहिला. पहिल्या कलमात सबंध मंडळातून तीनच माणसं बसत होती आणि मंडळाच्या सगळ्या देण्यांच्या बेरजेत फरक पडत होता तो शेकडा पाऊणसुद्धा नव्हता. इतकी फुटकळ रक्कम साहेबांच्या डोळ्यांवरही आली नसती.

पण अपवाद ठेवला की लेखापरीक्षक त्यावर बोट ठेवतो. आणि अपवादात पहिलं नाव लेखापालाच्या भावाचं निघालं तर लोक काय म्हणतील? आपण नात्यागोत्याला भीक घालत नाही, हा तिचा जन्माचा अभिमान होता. तिनं दोन्ही कलमांवर आडवी रेघ मारली. मारताना तिला चक्क बरं वाटलं, आपण फार सचोटीचं काम केल्यासारखं.

नियम असा झाला: साधी रजा जास्तीत जास्त तीस दिवस पुढच्या वर्षात नेता येईल, बाकीची वर्षअखेर रद्द. आजारपणाची रजा फक्त स्वतःच्या आजारासाठी. वर्ष संपायला नऊ आठवडे होते; तोवर ज्याला रजा संपवायची त्यानं संपवावी, ‘कामाची निकड पाहून’.

परिपत्रक फलकावर लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती नेहमीप्रमाणे दादाकडे गेली. वहिनी खिडकीजवळच्या खुर्चीत होती; तेव्हा तिचे हात अजून चालत होते. दादानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यानं परिपत्रक स्वतःच्या हातानं उतरवून आणलं होतं, कारण त्याला त्यातलं धड काही कळलं नव्हतं.

“हे काय आहे ते मला नीट सांग,” तो म्हणाला. “तुला कळत असेल.”

तिनं सांगितलं. अगदी स्वच्छ, उदाहरण देऊन समजावून सांगितलं. त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्यानं विचारलं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं?

“वरून आलंय,” ती म्हणाली.

वहिनीनं एकदा तिच्याकडे पाहिलं. मग, उरलेले नऊ आठवडे तरी आताच घ्यावेत, असं दादानं ठरवलं. अर्ज कसा लिहायचा हे त्यानं हिलाच विचारलं. अर्ज अर्जदाराच्या अक्षरात लागतो, म्हणून ती सांगत गेली आणि तो चष्मा पुसत पुसत लिहीत गेला. अर्ज छान उतरला. पत्नीचा आजार, चाळीस वर्षांची सेवा, एकही ठपका नाही. निघताना दादा तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, तू आहेस म्हणून बरं, नाहीतर मी कुणाच्या तोंडाकडे बघितलं असतं?

बुधवारी तोच अर्ज तिच्या टेबलावर आला, कारण नव्या धोरणात रजेच्या प्रत्येक अर्जावर लेखा विभागाचा अभिप्राय लागत होता. तेही तिनंच घातलेलं कलम. अर्जासोबत पंपघराचं टिपण होतं: पंप क्रमांक तीन हा सदर कर्मचाऱ्याखेरीज अन्य कुणास चालवता येत नाही, पंप बदलण्याचा प्रस्ताव नव्या धोरणामुळे रद्द.

तिला वाटलं, साहेबांकडे जावं. उठलीसुद्धा. पण साहेबांकडे जाऊन सांगायचं काय, हा माझा भाऊ आहे? नुकतेच तर ते चारचौघांत तिच्या निःपक्षपातीपणाबद्दल बोलले होते. ती परत बसली, पेन उघडलं आणि समासात लिहिलं: ‘कामाची निकड पाहता विनंती मान्य करता येत नाही.’ खाली आद्याक्षर. साहेबांनी न वाचता सही ठोकली.

वर्षअखेरीची नोंद तिनं स्वतः केली. एका ओळीत सगळ्या कर्मचाऱ्यांची मिळून अठरा वर्षांहून जास्त रजा पुसली गेली. ताळेबंद लख्ख दिसायला लागला. कर्ज मंजूर झालं. साहेबांनी तिला सर्वांदेखत उभं केलं, टाळ्या वाजल्या, आणि पुरवणी सोडून सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात वहिनीचे हात गेले.

दादानं उरलेले तीस दिवस घेतले. कामाची निकड दाखवत तेही पाच-पाच दिवसांच्या तुकड्यांनी मिळाले. त्या दिवसांत तो तिला भरवायचा, न्हाऊ घालायचा, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायचा. तीस दिवस संपले. मग शेजारच्या बाईला पैसे देऊन बघायला ठेवलं. ती भली होती, पण तिला तिचं घर होतं. बिनपगारी रजेचा अर्जही दादानं केला. तोही निकडीच्याच वाटेनं गेला. नोकरी सोडावी, तर निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं आणि औषधांचा खर्च मंडळाच्या योजनेतून चाललेला. सगळीकडून कोंडी झाली होती. तो दुपारच्या सुट्टीत सायकल दामटत घरी यायचा, कूस बदलायचा, आणि भाकरीचा तुकडाही तोंडात न घालता परत जायचा.

शनिवारी अर्धा दिवस असे, तेव्हा दशांशबाई वहिनीपाशी बसायला यायची. तिची स्वतःची रजा नियमात बसेल अशी तीस दिवस शिल्लक होती. एका शनिवारी वहिनीनं तिला विचारलं, तुझी रजा त्याला देता येत नाही का? आवाज आताशा खोल गेला होता, कान जवळ न्यावा लागायचा.

“तशी तरतूद नाही, वहिनी.”

“कुणी ठेवली नाही?”

वहिनी छताकडे बघत सावकाश बोलायला लागली. अर्ज नामंजूर होऊन घरी आला तेव्हा दादानं तो तिच्या डोळ्यांसमोर धरला होता. शेरा कुणाचा ते त्याला ओळखू आलं नाही. “पण मला तुझं अक्षर कळणार नाही का?” वहिनी म्हणाली. “मी गिरवून घेतलंय ते.”

दशांशबाई रडायला लागली. वहिनीनं तिला थांबवलं नाही आणि समजूतही काढली नाही. ती थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मग उरलेलं सांगितलं.

“त्याला मी बोलले नाही. तुझी दया आली म्हणून नाही. मी गेल्यावर त्याला एखादं तरी माणूस उरावं म्हणून. पण तू सांगशील. चुकीची नोंद तशीच ठेवणं तुला जमत नाही. हाच तुझा स्वभाव आहे आणि त्याला तोही सोसावा लागणार.” जरा दम खाऊन ती म्हणाली, “आता मला भिंतीकडे वळव. तुझं तोंड बघवत नाही.”

तिनं वहिनीला भिंतीकडे वळवलं.

वहिनी गेली ती एका बुधवारी दुपारी. शेजारीण नातवाला शाळेतून आणायला गेली होती, अर्ध्या तासासाठी. त्या अर्ध्या तासात वहिनी उशीवरून खाली घसरली. मान अशी वाकली की श्वास घेता येईना, आणि हाक मारण्याएवढाही आवाज तिच्यात नव्हता. शेजारणीनं येऊन पाहिलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिनं पंपघरात फोन केला. दादानं कचेरीत बहिणीला फोन लावला. पाळी संपून पंप बंद करायला अजून अडीच तास होते. पंप सोडून गेलं तर खालच्या वस्तीचं पाणी तुटणार आणि परवानगीशिवाय जागा सोडली म्हणून कारवाई होणार.

“ती गेली,” तो म्हणाला. “मी निघू का?”

“थांब,” ती म्हणाली, “विचारून सांगते.”

हे तिनं कुठल्या वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. एकोणतीस वर्षं कचेरीत जे उत्तर देत आली तेच तोंडातून निघालं. साहेब इमारतीच्या नकाशांवर बैठकीला बसले होते. ती दारापाशी उभी राहिली. आत जावं की चिठ्ठी पाठवावी यात दहा मिनिटं गेली, चिठ्ठीला उत्तर यायला अर्धा तास. साहेब चांगलं वागले. ताबडतोब जाऊ द्या, म्हणाले, आणि नाव-गाव विचारून दुःखही व्यक्त केलं. त्या चाळीस मिनिटांत दादा पंपापाशी फोन हातात धरून उभा होता, हे तिला नंतर पंपघरातल्या मदतनीसानं सांगितलं.

घरच्या मृत्यूसाठी धोरणात तीन दिवस होते. चौथ्या दिवशी दादा कामावर हजर झाला.

पाच आठवडे तिनं कळ काढली. तिला झोप लागेना, आकडेमोड चुकायला लागली. शेवटी एका दुपारी ती पंपघरावर गेली. आयुष्यात दुसऱ्यांदा ती तिथं पाऊल ठेवत होती. दादा पंपाच्या दांड्याभोवती नवी दोरी ठासत होता; पाणी तिथून झिरपत होतं. पंपाच्या आवाजामुळे तिला ओरडून बोलावं लागलं. धोरण मी लिहिलं, शेरा माझा, कलमं मी खोडली. हे सगळं ओरडून सांगणं किती विचित्र होतं, याचं भान तिला बोलतानाच होत होतं. बाजूचा मदतनीस बाहेर निघून गेला.

दादानं हात थांबवले नाहीत. दोरीचा शेवटचा वेढा ठासून त्यानं विचारलं, “यादी केली असशील. माझं नाव कितवं होतं?”

“पहिलं.”

“दिसलं होतं?”

“हो.”

त्यानं मान हलवली, नट आवळला, झिरपणं थांबलं का ते बोट लावून पाहिलं. मग चिंधीला हात पुसले आणि दमटपणानं धुरकटलेल्या तबकडीवरचा दाब वाचायला पलीकडे गेला. ती तिथं पाऊण तास उभी होती. तो परत तिच्या बाजूला आला नाही.

तिला वाटलं होतं तो ओरडेल, हाकलून देईल, निदान दार तरी लावून घेईल. तसलं काहीच झालं नाही. पुढच्या रविवारी ती घाबरत घाबरत गेली तेव्हा त्यानं दार उघडलं, बाजूला सरला आणि म्हणाला, “या. बसा.” पाण्याचा पेला आणून दिला. काही काम होतं का, असं विचारलं. तिनं दादा दादा करून पुष्कळ विनवण्या केल्या. तो ऐकून घेत होता, जसं कचेरीतून आलेल्या माणसाचं ऐकून घ्यावं तसं, आणि ती थांबली तेव्हा म्हणाला, “मॅडम, मला पाळीवर जायचंय.” ती सहा-सात रविवार गेली. प्रत्येक वेळी पेला, प्रत्येक वेळी ‘तुम्ही’. मग तिचे पाय त्या गल्लीत वळेनासे झाले.

ती वित्त अधिकारी झाली. दादा निवृत्त झाला. निवृत्तीच्या समारंभाला तो आला नाही. तब्येतीचं कारण कळवलं.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी तीन नंबरच्या पंपाचा दांडा तुटला. खालच्या वस्तीला दोन दिवस पाणी नव्हतं, लोक कचेरीवर आले, दगड पडले. साहेबांनी तातडीच्या निधीतून नवा पंप मागवला. नऊ दिवसांत तो बसला. वहीत अजून चौदा वर्षं आयुष्य उरलेला जुना पंप तिनं एका ओळीत भंगारात काढला आणि लेखापरीक्षकानं एक प्रश्नही विचारला नाही.

नव्या पंपावर दोन माणसं नेमली, पण नदीकडच्या जुन्या झडपा कोणत्या क्रमानं उघडायच्या हे कुणालाच माहीत नव्हतं. साहेब म्हणाले, तुमचे बंधू ना ते? त्यांना दोन दिवस बोलवा, मानधन देऊ. तिनं पत्र पाठवलं. तो येणार नाही, अशी तिची खात्री होती.

तो आला. दोन दिवस त्यानं त्या माणसांना सगळं दाखवलं, कागदावर काढून दिलं, त्यांच्याबरोबर चहा प्यायला. तापलेल्या पंपाचा एक किस्सा सांगून त्यांना हसवलंसुद्धा, असं पुरवणीनं तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मानधनाच्या पावतीसाठी कचेरीत आला. पुरवणीच्या टेबलावर सही केली, त्यांच्या पोराबाळांची चौकशी केली, आणि तिच्या उघड्या दारासमोरून जिन्याकडे निघाला.

ती उठून बाहेर आली. “दादा,” तिनं हाक मारली.

तो दोन पायऱ्या उतरला होता. लगेच थांबला, वळला. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. “कुठं सही राहिली का, मॅडम?”

“नाही,” ती म्हणाली.

त्यानं मान लववली आणि कठड्याला धरून सावकाश खाली गेला. ती खोलीत येऊन बसली. साहेबांना अडीचपर्यंत आकडे हवे होते.